हाफकिन यांचा पुरावा



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली सगळी उमेद या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर लस टोचण्यात खर्च केली. आपल्यापैकी अनेकांच्या दंडावर त्यांच्या हातची खूण असेल. अशा माणसाच्या नावाने बोलायचे, तर त्यांच्या कामाच्या मुळाशी असलेल्या एका शास्त्रज्ञाविषयी बोलावे, असे मी ठरवले. त्यांचे नाव वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन.

नाव सगळ्यांच्या ओळखीचे आहे. परळला केईएम, टाटा, वाडिया या इस्पितळांच्या पंचक्रोशीत हाफकिन संस्था आहे. पोलिओच्या थेंबांच्या कुपीवर हे नाव छापलेले असते. पण हाफकिन हे कोण, कुठले, त्यांनी नेमके काय केले आणि त्यांचे पुढे काय झाले, असे विचारले तर आपण गप्प बसतो. हाफकिन ही व्यक्ती होती हेच मुळात अनेकांना ठाऊक नसते.

मला आज त्यांचे चरित्र सांगायचे नाही. चरित्र लागेल तेवढेच घेईन. मला एक गोष्ट मांडायची आहे. लस शोधणे हे हाफकिन यांचे मोठे काम होतेच. पण त्याहून मोठे काम असे की, ‘ही लस घ्या’ असे म्हणण्याआधी ‘हा घ्या पुरावा’ असे ते म्हणत. जेलमधल्या कैद्याला, बस्तीतल्या मजुराला, खेड्यातल्या शेतकऱ्याला त्यांनी पुरावा मागण्याचा अधिकार दिला. आणि पुढे त्यांच्यावरच आळ आला तेव्हा सरकारने त्यांना तो दिला नाही. या दोन टोकांच्या मधे आजचे व्याख्यान आहे.

हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरातला. घर ज्यू. त्या काळच्या रशियात ज्यू असणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत, घरे लुटली जात, आणि पोलिस बघत उभे राहत. विद्यार्थी हाफकिन अशा हल्ल्यांविरुद्ध वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत सामील झाले, अटकही भोगली. विद्यापीठात त्यांना गुरू लाभले ते एली मेचनिकॉफ. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून ज्यांनी पुढे नोबेल मिळवले, ते हे मेचनिकॉफ. हाफकिन यांची हुशारी सर्वांना मान्य होती. पण प्राध्यापक व्हायचे तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागेल, असे सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. मग प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयातली छोटी नोकरी, नंतर जिनिव्हा, आणि शेवटी १८८९ मध्ये पॅरिसची पाश्चर संस्था. तिथेही जागा मिळाली ती ग्रंथालयात, सहायकाची. दिवसा पुस्तके लावायची, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे. एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती महागात पडणार आहे. हे गृहस्थ प्राणिशास्त्रज्ञ होते. वैद्यकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू हाती घेतले. एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्यातून तिसऱ्याच्या असे नेत नेत ते अधिकाधिक जहाल केले. दुसऱ्या बाजूला गरम हवेत वाढवून तेच जंतू दुबळे केले. आधी दुबळ्या जंतूंची सुई, काही दिवसांनी जहाल जंतूंची. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, आणि ते बरे झाले. मग तीन मित्रांनी टोचून घेतले. महिना संपण्याआधी त्यांनी हे सगळे पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे ठेवले.

इथे बहुतेक चरित्रकार टाळ्या घेतात. शास्त्रज्ञाने स्वतःच्या देहावर प्रयोग केला! धैर्याचे काम होते, यात शंका नाही. पण श्रोतेहो, या प्रयोगाने काय सिद्ध झाले? एवढेच की या सुईने चार माणसे मेली नाहीत. या सुईने पटकी टळते, हे सिद्ध झाले का? मुळीच नाही. आणि हे हाफकिन यांच्याइतके स्पष्टपणे दुसऱ्या कुणाला कळले नव्हते. स्वतःचा दंड पुढे करणे हा त्यांच्या लेखी पुरावा नव्हता, ती पुरावा गोळा करायला निघण्याची पात्रता होती. मी जे दुसऱ्याला टोचणार आहे ते आधी मला टोचले पाहिजे. तेवढे झाले की खरे काम सुरू.

त्यांच्यापुढे एक उदाहरण होते. १८८५ मध्ये स्पेनमध्ये हाइमे फेरान नावाच्या डॉक्टरांनी पटकीची लस काढली होती आणि व्हॅलेन्सिया प्रांतात हजारो लोकांना टोचलीही होती. बाहेरून तज्ज्ञ पाहणीला गेले. फेरान यांनी लस करण्याची रीत सांगायला नकार दिला, आणि कोणाला टोचले, कोणाला नाही, त्यांतले किती आजारी पडले, याचे विश्वास ठेवावा असे आकडे नव्हते. लस कदाचित चांगली असेलही. पण शास्त्राच्या दरबारात ती टिकली नाही. हाफकिन यांनी हे पाहिले होते.

पटकीचा पुरावा मिळवायचा तर पटकी जिथे आहे तिथे जायला हवे. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या मदतीने मार्ग निघाला आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. १८९५ च्या मध्यापर्यंत त्यांनी उत्तर हिंदुस्थान, बंगाल, आसामचे चहामळे असे फिरून बेचाळीस हजारांवर लोकांना टोचले. मलेरियाने अंगाची पार चाळण झाली तेव्हा इंग्लंडला परतले.

बेचाळीस हजार हा आकडा मोठा आहे. मला मात्र त्यांतल्या एका बस्तीविषयी बोलायचे आहे, कारण हाफकिन यांची सगळी रीत तिथे दिसते. कलकत्त्यात काटाल बागान नावाची बस्ती होती. सुमारे दोनशे माणसे आणि मधे तळे. धुणी, भांडी, आंघोळ, पिणे, सगळे त्याच पाण्यावर. १८९४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिथे पटकी लागली. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्प्सन यांनी हाफकिन यांना बोलावले. दोनशेपैकी ११६ जणांनी टोचून घेतले, उरलेल्यांनी घेतले नाही. त्यानंतर बस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली, सात दगावले. दहाच्या दहाही न टोचलेल्यांतले होते.

यात महत्त्वाचे काय? एकच तळे, एकच गल्ली, तीच घरे. टोचलेले आणि न टोचलेले एकाच पाण्यावर जगत होते. फरक फक्त सुईचा. हाफकिन आयुष्यभर अशाच जागा शोधत राहिले: तुरुंग, चहामळ्यांच्या चाळी, सैन्याच्या पलटणी, एकत्र कुटुंबे. माणसे सारखी, धोका सारखा, आणि मग फरक मोजायचा. आज आपण याला नियंत्रित चाचणी म्हणतो आणि तिच्यावर जाड जाड पुस्तके आहेत. हाफकिन यांच्याजवळ यांतले काही नव्हते. त्यांनी ती पद्धत दलदलीतून आणि गल्ल्यांतून फिरताना घडवली.

आता मुंबईकडे येतो.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात गोदामे, धान्याची पोती आणि उंदीर. डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळ गोव्याचे, मुंबईत व्यवसाय करणारे आणि म्युनिसिपालिटीचे सभासद. त्यांनी काखेत नि जांघेत गाठी आलेले, तापाने फणफणलेले रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असे जाहीर सांगितले. सांगणे सोपे नव्हते. बंदराचा व्यापार बसणार, माल अडणार, शहराची नाचक्की होणार. तरी त्यांनी सांगितले, आणि ते खरे ठरले. मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्या चौकातून रोज लाखो माणसे जातात, एकदा वर मान करून बघावे एवढीच विनंती.

पुढच्या काही महिन्यांत आठ लाखांच्या मुंबईतली जवळपास निम्मी माणसे गावी पळाली. पळताना त्यांच्या बोचक्यांतून पिसवा गेल्या आणि प्लेग पुण्याला, कोकणात, देशावर पसरला. पिसवांचा हा भाग तेव्हा कुणाला माहीत नव्हता. तो १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ यांनी कराचीत उलगडला. रोग कसा पसरतो हे ठाऊक नाही, औषध नाही, आणि सरकार घाबरलेले. सरकारने काय केले? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला आणि माणसांवर बळाचा वापर सुरू केला. घरांत शिरून झडत्या, बायकामाणसांची तपासणी, सामान जाळणे, माणसांना उचलून छावणीत नेणे. मुंबईत तर कायद्याच्या आधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी वाड्यावाड्यांत काय केले आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. रोगी पोराला उचलून दवाखान्यात आणताना त्यांना प्लेग लागला होता.

या गदारोळात, ७ ऑक्टोबर १८९६ ला, हाफकिन मुंबईत पोचले. त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगच्या जंतूचा शोध हाँगकाँगमध्ये लागून दोनच वर्षे झाली होती. लस नव्हती. ती त्यांना या खोलीत करायची होती.

ती खोली मी तुम्हांला थोडी जवळून दाखवतो. जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागतो. युरोपात त्यासाठी गाईचे किंवा बैलाचे मांस वापरत. हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचा अर्क घेतला. ही लस हिंदूच्या अंगात जाणार, मुसलमानाच्या अंगात जाणार, कोणाचीही श्रद्धा दुखावता कामा नये. आता युक्ती पाहा. चंबूतल्या अर्कावर त्यांनी साजूक तुपाचा थर सोडला. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना खालून धरून वाढू लागले आणि अर्कात लोंबू लागले. गुहेच्या छताला चुनखडीचे सुळे लोंबतात ना, अगदी तसे. प्लेगचा जंतू असा लोंबत वाढतो, ही त्याची खूण ठरली. दुसरे कुठले जंतू चंबूत शिरले तर ते असे वाढत नाहीत, म्हणजे अर्क शुद्ध आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळे. दर दोन-तीन दिवसांनी चंबू हलवायचा, सुळे तळाशी पडतात, वर नवे पीक येते. असे काही आठवडे. मग सगळा चंबू तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक अॅसिड. पटकीच्या वेळी जिवंत जंतू टोचले होते, इथे मेलेले.

आपल्या स्वयंपाकघरातले तूप जगातल्या पहिल्या प्लेगच्या लशीत उतरले, हे मला फार मोलाचे वाटते. परका माणूस आपल्या देशात येतो, आपल्या घरात काय चालते आणि काय चालत नाही ते आधी समजून घेतो, आणि त्याच समजुतीतून त्याला शास्त्रातला मार्ग सापडतो. ज्या महिन्यांत सरकार दारे फोडत होते, त्याच महिन्यांत हा माणूस बोकडाचे मांस आणि तूप निवडत होता. दोघांनाही प्लेगच थांबवायचा होता. पण दोघांच्या मनात समोरच्या माणसाची किंमत किती निराळी!

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, आणि मात्रा पुढे लोकांना दिली त्याच्या कितीतरी पट मोठी. भरपूर ताप, भरपूर वेदना, आणि ते पुन्हा कामावर हजर.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले, ज्यांनी होकार दिला त्यांना टोचले. टोचलेले आणि न टोचलेले एकाच भिंतीआड राहिले, एकाच कोठीतले जेवले. फरक लगेच दिसला. आज आपण विचारू की कैद्याचा होकार हा खरा होकार असतो का. हा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. भिंतीआड असलेला माणूस साहेबाला नाही म्हणू शकतो का, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. पण त्या काळच्या तुरुंगात कैद्याला कोण विचारत होते? आणि ज्यांनी नाही म्हटले त्यांना टोचले नाही, त्यामुळेच तर आकडे मिळाले.

मग दमणचे आकडे आले. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये १८९७ मध्ये प्लेग होता. टोचलेले २,१९७, त्यांतले ३६ दगावले. न टोचलेले ६,०३३, त्यांतले १,४८२ दगावले. म्हणजे एकीकडे शेकडा दोनहून कमी, दुसरीकडे शेकडा चोवीसच्या वर. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. एवढे आकडे घेऊन कोणत्याही दरबारात जाता येते. पण विचार करा, टोचून घ्यायला आपणहून कोण पुढे आले असेल? कदाचित थोडे शिकलेले, थोडे बऱ्या घरांतले. त्यांची घरे हवेशीर असतील, उंदीर कमी असतील. मग ते वाचले ते लशीमुळे की घरामुळे? ही शंका कोणत्याही चिकित्सक माणसाला येईल. हाफकिन यांनी ती स्वतःच पुढे नेली. आणि तिचे उत्तर शोधायला ते एका खेड्यात गेले.

बडोद्याजवळचे उंधेरा. सयाजीराव गायकवाडांचे राज्य. फेब्रुवारी १८९८. गावात प्लेग सुरू झालेला. बडोदा दरबाराच्या सहकार्याने हाफकिन आणि त्यांचे सहकारी मेजर बॅनरमन तिथे पोचले. गावकऱ्यांची कुटुंबवार यादी केली. एकेका कुटुंबाला समोर बोलावले आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. अर्धे पुरुष इकडे, अर्धे तिकडे. बायका अर्ध्या अर्ध्या. मुले अर्धी अर्धी. अशक्त, आजारी दिसणारेही दोन्हीकडे सारखे. एका भागाला टोचले, दुसऱ्याला नाही. आणि सगळे पुन्हा आपापल्या घरी, एकाच छपराखाली.

काही आठवड्यांनी ते परत गेले आणि घरोघर हिशेब घेतला. प्लेग २८ कुटुंबांत शिरला होता. त्या कुटुंबांतले न टोचलेले होते ६४. त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ मेले. टोचलेले होते ७१. त्यांतले ८ आजारी पडले आणि ३ मेले. न टोचलेल्यांच्या हिशेबाने त्या ७१ मध्ये २९ च्या आसपास मृत्यू व्हायला हवे होते. झाले तीन.

आता शंकेला जागा कुठे? घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच, रक्तसुद्धा तेच. एक भाऊ टोचलेला, दुसरा न टोचलेला. श्रीमंती-गरिबीचा प्रश्नच नाही. वैद्यकाच्या इतिहासात तोवर इतकी नेटकी तुलना फार थोड्यांनी केली असेल. आणि ती झाली एका गुजराती खेड्यात, ओट्यांवर आणि अंगणांत.

पण श्रोतेहो, या आकड्यांच्या आत एक दुखरी जागा आहे. त्या २६ जणांना लस मिळाली असती तर? अर्ध्या घराला टोचायचे आणि अर्ध्याला सोडून द्यायचे, हे कोणत्या काळजाने करायचे? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. माझे मत असे: लस खरोखर काम करते हे नक्की ठाऊक असते, तर असे करणे पाप ठरले असते. पण नक्की ठाऊक नव्हते, म्हणूनच तर हे करावे लागले. ही तुलना झाली नसती तर पुढची पंचवीस वर्षे लोक लशीवर वाद घालत बसले असते, आणि त्या वादात उंधेऱ्याच्या शेकडो पट माणसे गेली असती. तरीही उंधेऱ्याच्या त्या २६ जणांचे आपल्यावर ऋण आहे. आपण घेतो त्या प्रत्येक लशीच्या मागे अशी कुणाची तरी अर्धी घरे उभी आहेत.

लशीची बाजू मी रंगवून सांगत नाही. तिने दोन-दोन दिवस सणसणून ताप येई, दंड सुजे. मजुराची रोजी बुडे. संरक्षण काही महिनेच टिके. फुप्फुसाच्या प्लेगपुढे तिचे फारसे चालत नसे. हाफकिन हे लपवत नसत. तरी लोक येऊ लागले, कारण शेजारच्या घरात काय झाले ते त्यांना दिसत होते. तरुण आगाखानांनी चारचौघांत स्वतः टोचून घेतले, आपल्या खोजा जमातीतल्या हजारो लोकांना टोचवले आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. डॉ. व्हिएगस यांनी स्वतःच्या हातांनी हजारोंना टोचले. व्हिक्टोरिया राणीच्या ज्या ज्युबिलीच्या रात्री पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, त्याच ज्युबिलीच्या मानकऱ्यांच्या यादीत हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला.

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. या वास्तूचीही एक कथा आहे. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ मध्ये तिथेच पटकीने वारल्या आणि पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला गेला. पटकीने रिकामी केलेली वास्तू, आणि तिच्यात पटकी आणि प्लेगच्या लशी करणारा माणूस. ज्या दालनांत मेजवान्या झडत तिथे आता चंबूंच्या रांगा लागल्या. हाफकिन तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते आणि त्यांच्या कीर्तीला तोड नव्हती.

आणि मग मुल्कोवाल.

पंजाबात प्लेगने थैमान मांडले होते. सरकारला लाखो मात्रा हव्या होत्या, तातडीने. मागणी पुरी करायला हाफकिन यांनी लस करण्याची रीत बदलली. कार्बोलिक अॅसिड वगळले आणि नुसत्या उष्णतेने जंतू मारायचे ठरवले. पॅरिसमध्ये ही रीत चालत होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल गावात पाच बाटल्यांतून १०७ लोकांना टोचले. चार बाटल्यांतल्या ८८ जणांना काही झाले नाही. पाचवी बाटली, क्रमांक ५३-एन, तिच्यातून १९ जणांना टोचले होते. आठवड्याभरात त्यांचे जबडे आखडले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस मेले.

या एकोणीस जणांवरून घाईने पुढे जाऊ नये. ते विश्वासाने दंड पुढे करून बसले होते. हाफकिन निर्दोष होते असे मी आता सांगणार आहे, पण त्यामुळे ते मृत्यू लहान होत नाहीत.

प्रश्न एकच होता: धनुर्वाताचे जंतू बाटलीत कुठे शिरले? परळला, बाटली भरताना? की मुल्कोवालला, बाटली उघडताना? चौकशी समिती नेमली गेली, अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. समितीने ठपका परळवर ठेवला. कार्बोलिक वगळले, मंजुरी न घेता रीत बदलली, म्हणजे दोष तुमचा. हाफकिन यांना पदावरून दूर केले. १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले.

आता पुरावा काय होता ते पाहू. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे बीज मातीत, शेणात असते, हे आपल्याकडे खेड्यातल्या सुईणीलाही ठाऊक असते. तो चिमटा ज्योतीवर न धरता, नुसता कार्बोलिकच्या पाण्यात हलवून पुन्हा वापरला गेला. दुसरे: बाटली भरून ४१ दिवस झाले होते. एवढे दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढत असते तर बूच काढताच घाण सुटली असती. टोचणाऱ्या डॉक्टरांनी ती हुंगून पाहिली होती आणि वास नव्हता. तिसरे: वाढ झालेल्या बाटलीत विष आधीच तयार असते, त्यामुळे लक्षणे लवकर दिसायला हवी होती. ती आठवड्याने दिसली, ताजे बीज शिरल्यावर दिसतात तशी. चौथे: अर्धा टक्का कार्बोलिक धनुर्वाताच्या बीजाला मारतच नाही. म्हणजे जे वगळले म्हणून त्यांना दोषी धरले, ते घातले असते तरी ती माणसे वाचली नसती.

हे सगळे कागदावर होते. मग समितीला का दिसले नाही? माझे मत मी स्पष्ट सांगतो. सरकारला लवकर निकाल हवा होता आणि दोष देण्यासाठी सोयीचा माणूस समोर होता. रशियातून आलेला, ज्यू, डॉक्टरकीची पदवी नसलेला, आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या साहेबांच्या वर बसलेला. ज्या चिमट्याने घात केला तो सरकारी मोहिमेतला होता, त्यावर बोट ठेवले तर सगळी मोहीमच प्रश्नाखाली आली असती. ज्या माणसाने उंधेऱ्यात शंकेला जागा राहू नये म्हणून घरे मोजून विभागली, त्याचा निकाल लावताना मात्र शंकेचा फायदाही त्याला मिळाला नाही. चौकशीचे कागद तर १९०६ संपेपर्यंत लोकांपुढे आले नाहीत. चार वर्षे! चार वर्षे एकोणीस जिवांचा आळ डोक्यावर घेऊन हा माणूस आधी हिंदुस्थानात राहिला, मग लंडन-पॅरिसमध्ये दारोदार फिरला.

मदतीला दोन माणसे धावली. एक, काटाल बागानच्या वेळचे सिम्प्सन. दुसरे, रोनाल्ड रॉस. अल्मोड्यात जन्मलेले, डासाच्या पोटात मलेरियाचे बीज शोधणारे, १९०२ चे नोबेल मिळालेले. रॉस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लढा दिला. २९ जुलै १९०७ रोजी दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र तिथे छापले गेले. त्यांनी पुरावा पुन्हा मांडला आणि दोष परळचा नाही असे बजावले. शास्त्रज्ञाला शास्त्रज्ञांनी वाचवले, ते मैत्रीखातर नव्हे, कागद वाचून. सरकारला मागे यावे लागले आणि १९०७ अखेर हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतले गेले.

पण कुठे? परळची जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्यात प्रयोगशाळा दिली, पगार दिला, आणि एक अट घातली: लोकांवर लशीच्या चाचण्या करायच्या नाहीत. त्यांनी मेलेल्या जंतूंची पटकीची नवी लस सुचवली. चाचणीची परवानगी मागितली, नाकारली गेली. ज्यांचे सगळे शास्त्र वस्त्यांत आणि गावांत, माणसांच्या मधे उभे राहिले होते, त्यांना चार भिंतींत बसवले. दोषमुक्त करून असे बसवणे, ही मला पहिल्याहून मोठी शिक्षा वाटते. सात वर्षे काढून १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि युरोपला गेले. संसार केला नाही. उतारवयात धर्माच्या अभ्यासात रमले आणि आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचा देहान्त झाला.

त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, तेव्हाचे संचालक कर्नल मॅकी यांच्या पुढाकाराने परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. त्यांना कळवले तेव्हा त्यांनी उत्तरात आभार मानले आणि आपल्या आयुष्याची सर्वांत चांगली वर्षे मुंबईतल्या कामात गेली, अशा आशयाचे लिहिले. तोवर परळहून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. त्यांतली प्रत्येक बाटली उंधेऱ्याच्या त्या यादीच्या आधारावर गेली होती.

अध्यक्षांच्या परवानगीने आता प्रश्न घेतो. उंधेऱ्याविषयी कुणाचे मत माझ्याहून वेगळे असेल, तर त्यांनी आधी बोलावे.